चांदीचा चमचा आणि शेणाचं घमेलं : ‘सिल्व्हर स्पून’ वाचायला घेणाऱ्यांसाठी

शेतीवरची जपानी चित्रकथा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हिरवी भातखाचरं आणि शांत डोंगर येतात. ‘सिल्व्हर स्पून’मध्ये (मूळ नाव ‘गिन नो साजि’) पहिल्याच प्रकरणात शहरातून आलेला मुलगा वासरामागे धावत रानात हरवतो. थोड्याच वेळात त्याला कळतं, की कोंबडीचं अंडं आणि विष्ठा एकाच वाटेनं बाहेर येते. पुढचे पंधरा खंड साधारण याच चालीनं जातात. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांना, किंवा मांगा पुष्कळ वाचलेत पण गोठ्यात कधी पाऊल टाकलं नाही अशांना, ही मालिका नीट कशी वाचता येईल ते इथे दिलं आहे. मोठ्या वळणांचा खुलासा शक्यतो टाळला आहे.

पहिली पायरी : काय घ्यायचं, किती घ्यायचं

लेखन-चित्रण आराकावा हिरोमु यांचं. त्यांचा जन्म १९७३चा, होक्काइदो बेटावरच्या तोकाची भागातल्या दूधव्यवसाय करणाऱ्या घरातला. कृषी विद्यालयात शिकल्यावर त्यांनी सात वर्षं घरच्या शेतावर काम केलं आणि १९९९मध्ये चित्रकथांसाठी तोक्यो गाठलं. ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात ही मालिका एप्रिल २०११मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१९मध्ये संपली. एकूण १३१ प्रकरणं, १५ खंड. २०१२चा ‘मांगा ताइशो’ पुरस्कार हिला मिळाला. इंग्रजी आवृत्ती येन प्रेसची असून ती २०१८पासून निघाली. मराठी वाचकाला सोपी पडेल ती हीच.

पंधराही खंड एकदम मागवू नका. आधी पहिले दोन घ्या. एका खंडात दोनशेच्या आत-बाहेर पानं असतात आणि सवय झाली की दीड तासात खंड वाचून होतो. दुसऱ्या खंडात पिझ्झाचा प्रसंग येतो. आवारात साफसफाई करताना एक जुनी विटांची भट्टी सापडते, मग कुणी पीठ आणतं, कुणी चीज, कुणी भाज्या, आणि अख्खी शाळा रांगेत उभी राहते. तो प्रसंग वाचून भूक लागली तर पुढचे दोन मागवा. लागली नाही तर ही मालिका तुमच्यासाठी नाही, आणि त्यात काही बिघडत नाही.

दुसरी पायरी : पान उलटं नाही, आपण उलटे धरतो

पुस्तक मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठाकडून उघडायचं. चौकटी उजवीकडून डावीकडे, मग खाली. चौकटीतले संवादाचे फुगेही उजवीकडचा वरचा आधी. नवख्या वाचकाचा घोटाळा चौकटींपेक्षा फुग्यांत जास्त होतो. डोळा चौकट बरोबर पकडतो, पण आत शिरल्यावर सवयीनं डावीकडचा फुगा आधी वाचतो, आणि उत्तर प्रश्नाच्या आधी येतं. एखादा विनोद समजला नाही तर आधी फुग्यांचा क्रम तपासा. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

चौकटी गुंतागुंतीच्या असतील तेव्हा त्यांच्यामधल्या पांढऱ्या पट्ट्या पाहा. आडवी पट्टी सहसा रुंद असते, उभी अरुंद. अरुंद पट्टीपलीकडची चौकट आधी संपवायची, रुंद पट्टी ओलांडून नंतर खाली उतरायचं. चौकटींभोवतीचा कागद काळा दिसला तर बहुतेक वेळा ती जुनी आठवण असते. डाव्या पानाच्या तळाची चौकट मुद्दाम अर्धवट ठेवलेली असते, म्हणजे पान उलटल्याशिवाय चैन पडू नये. या मालिकेत अशा ठिकाणी पान उलटल्यावर पुष्कळदा एखाद्या गाईचं मागचं अंग दिसतं.

चित्रात मोठ्या जपानी अक्षरांत आवाज लिहिलेले असतात आणि इंग्रजी आवृत्तीत शेजारी बारीक टाइपात त्यांचा उच्चार नि अर्थ दिलेला असतो. पहिल्या वाचनात ते सोडलेत तरी चालेल. मराठीत खळखळ, धपाधप, कुरकुर यांची कमतरता नाही, त्यामुळे ऐकायला कान लवकर सरावतो.

तिसरी पायरी : शाळा समजून घ्या

नायक हाचिकेन युगो हा सापोरो शहरातला, अभ्यासात हुशार. स्पर्धेच्या शाळेत दमून गेलेला. तो ‘ओएझो’ कृषी विद्यालयात येतो, कारण तिथे वसतिगृह सक्तीचं आहे आणि घरापासून लांब राहता येतं. शेतीची ओढ वगैरे काही नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलांना आपल्याला पुढे काय करायचंय ते ठाऊक आहे : कुणाला घरचा गोठा सांभाळायचा आहे, कुणाला जनावरांचा डॉक्टर व्हायचंय (आणि त्याला रक्त बघवत नाही), कुणाला चीज बनवायचंय. हाचिकेनकडे मात्र गुण आहेत, दिशा नाही.

जपानमध्ये उच्च माध्यमिक शाळा तीन वर्षांची, वय साधारण पंधरा ते अठरा, आणि शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. मालिकेतली प्रकरणंही ऋतूंनुसार लावली आहेत : वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. खंड वाचताना कोणता महिना चालू आहे ते लक्षात ठेवा, कारण इथे काम ऋतू ठरवतो. ओएझोचा नमुना म्हणजे लेखिकेची स्वतःची शाळा, ओबिहिरो कृषी विद्यालय. ओबिहिरोला हिवाळ्यात पारा उणे वीसपर्यंत उतरतो. त्या थंडीतही पहाटे गोठ्यात जावंच लागतं.

नावांचं एक. मुलं एकमेकांना आडनावानं हाक मारतात. ‘हाचिकेन’, ‘मिकागे’, ‘कोमाबा’ ही सगळी आडनावं. वरच्या वर्गातल्याला ‘सेन्पाइ’, शिक्षकाला ‘सेन्सेइ’. त्यामुळे कुणी कुणाला पहिल्या नावानं हाक मारली की तो प्रसंग असतो, तो निसटू देऊ नका. आपल्याकडे ‘अहो’चं ‘अरे’ होतं तेव्हा घरातले कान टवकारतात, तसंच. आडनावं मुख्यतः होक्काइदोतल्या जागांवरून घेतली आहेत. हाचिकेन हा सापोरोतला भाग, मिकागे हे तोकाचीतलं रेल्वे स्टेशन. एवढी माणसं लक्षात राहत नसतील तर पहिल्या खंडाच्या आत कागदाचा कपटा ठेवून त्यावर लिहा : आडनाव, घरचा धंदा, पुढे काय व्हायचंय. तिसरा रकाना पेन्सिलनं भरा. तो बदलतो.

चौथी पायरी : गोठ्याची भाषा

इथे मराठी वाचकाला मोठा फायदा आहे. इंग्रजी आवृत्तीतले पुष्कळ शब्द पुस्तकी वाटतात, पण त्यांना आपल्याकडे रोजचे शब्द आहेत. सायलेज म्हणजे मुरघास. मॅस्टायटिस म्हणजे कासदाह. कोलोस्ट्रम म्हणजे चीक. चिकाचा खरवस आपण करतो, होक्काइदोचे दूधवालेही चिकापासून मऊ पनीरासारखा पदार्थ करतात आणि त्याला ‘दुधाचं तोफू’ म्हणतात. ड्राय काऊ म्हणजे आटवलेली गाय. भाकड हा शब्द इथे वापरू नका, अर्थ बदलतो. आटवलेली गाय गाभण असते आणि विण्याआधी साधारण दोन महिने तिची धार मुद्दाम बंद केलेली असते.

हे शब्द कळले की कथेतले हिशेबही कळतात. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही. गाभणकाळ सुमारे २८० दिवस. म्हणजे दुधाचा धंदा चालवायचा तर दरवर्षी वासरं जन्मणार, आणि त्यातली साधारण निम्मी गोऱ्हे असणार. होल्स्टीन या दुधाळ जातीचा गोऱ्हा दूध देत नाही. त्याचं काय होतं, हा प्रश्न मालिका वाचकाला टाळू देत नाही. कालवड झाली की आनंद का, याचं उत्तर याच गणितात आहे.

धार दिवसातून दोनदा, साधारण बारा-बारा तासांनी. त्यात सुट्टी नाही. लग्न, ताप, बेसबॉलचा सामना, काहीही असो. तोकाचीत बर्फ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणून उन्हाळ्यात गवत कापून, दाबून, गुंडाळून ठेवायचं. शेतात पांढऱ्या प्लॅस्टिकचे गोल गठ्ठे दिसतात ते चित्राची शोभा वाढवायला काढलेले नाहीत. ती हिवाळ्याची वैरण आहे.

उन्हाळ्याच्या भागात हाचिकेन मिकागे या वर्गमैत्रिणीच्या घरी मजुरीला जातो, तो प्रसंग सावकाश वाचा. यंत्रानं काढलेलं दूध पाइपमधून थंड टाकीत, आपल्याकडच्या बल्क कूलरसारख्या टाकीत, जातं. धार काढण्याआधी पाइपची जोडणी पाहायची असते. हाचिकेन ती नीट करत नाही आणि दूध थेट गटारात जातं. कुणी ओरडत नाही. पण तेवढं दूध किती गाईंच्या किती वैरणीचं, याचा हिशेब तो मनात करत राहतो, आणि मजुरीचे पैसे हातात आल्यावर त्याचं तोंड बघा. खऱ्या गोठ्यात अशीच दुसरी चूक होते ती औषधाची. कासदाहाला प्रतिजैविक दिलेल्या गाईचं दूध ठरलेले दिवस वेगळं काढून फेकायचं असतं. चुकून एका गाईचं टाकीत गेलं तर सगळी टाकी ओतावी लागते. या मालिकेतले शिक्षक एवढे कटकटे का, ते यावरून समजेल.

पाचवी पायरी : एका डुकराचा हिशेब

मालिकेचं मर्म पाहायचं असेल तर बुतादोनपाशी थांबा. इंग्रजीत त्याचं नाव ‘पोर्क बोल’. बुतादोन म्हणजे भातावर भाजलेलं डुकराचं मांस, ओबिहिरोची खास ओळख. हाचिकेन एका मरतुकड्या पिल्लाला जीव लावतो. मित्र सांगतात, नाव ठेवू नकोस, ठेवायचंच असेल तर खाण्याचं ठेव. म्हणून हे नाव.

ते पिल्लू मरतुकडं का, हेही मालिका नीट सांगते. डुकरिणीच्या पिल्लांची सडं ठरलेली असतात. पुढच्या सडांना दूध जास्त, मागच्यांना कमी. पहिल्या दोन-तीन दिवसांतच मारामारी करून प्रत्येक पिल्लू आपलं सड धरतं आणि शेवटपर्यंत सोडत नाही. दुबळ्याच्या वाट्याला मागचं येतं, म्हणून ते आणखी दुबळं राहतं. स्पर्धेच्या शाळेतून पळून आलेला मुलगा हे टक लावून बघत असतो. लेखिका तिथे एक शब्दही जास्तीचा लिहीत नाही.

आता आकडे. मांसासाठीचं डुक्कर सहा महिन्यांच्या आसपास ११० ते ११५ किलोचं होतं. कापल्यावर हाडांसकट सत्तर-पंचाहत्तर किलो उरतं आणि हाडं-चरबी काढून विकण्याजोगं मांस पन्नास किलोच्या आसपास. हाचिकेन उन्हाळ्याच्या कमाईतून ते मांस स्वतः विकत घेतो. पन्नास किलो मांसाचं एका वसतिगृहातल्या मुलानं करायचं काय? पुढची प्रकरणं या प्रश्नावर चालतात. मीठ लावून मुरवणं, धुरावर ठेवणं, वाटणं, आणि स्वतः पहिला घास खाणं.

शाकाहारी वाचकांनी हा भाग सोडला तर मालिका समजणार नाही. कत्तलीचा विषय लेखिका कडेकडेनं हाताळत नाही, थेट मांडते, पण किळस आणण्यासाठी नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायचं असेल तर हे प्रकरण सोबत बसून वाचा. मालिका वाचून कच्चं अंडं गरम भातावर फोडून खायचा मोह होतो, तो मात्र आवरा. जपानमध्ये अंडी कच्ची खाण्याच्या हिशेबानंच धुऊन, तपासून, तारीख घालून विकली जातात. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या अंड्याला ते लागू नाही.

सहावी पायरी : कर्ज कुठे दिसतं ते पाहा

पहिले चार-पाच खंड हसत वाचून होतात. शरद संपत येतो तसा दुसराच हिशेब वर येऊ लागतो, आणि वाचक म्हणतात, ‘मालिका अचानक गंभीर झाली.’ अचानक काहीच होत नाही. हाचिकेनचा वर्गमित्र कोमाबा पहिल्या खंडापासून काटकसर करतो, बेसबॉलच्या सरावाला घरच्या धारेतून वेळ काढतो, पैशांचा विषय निघाला की गप्प होतो. पुन्हा वाचाल तेव्हा हे सगळं दिसेल.

इथे एक शब्द नीट समजून घ्या : ‘रेन्ताइ होशोनिन’, म्हणजे एकत्रित जामीनदार. सावकारानं आधी कर्जदाराकडे जायचं, मग जामीनदाराकडे, असा क्रम त्यात नसतो. पहिल्या दिवसापासून दोघेही सारखेच बांधलेले. गावच्या सोसायटीत किंवा पतसंस्थेत शेजाऱ्यासाठी सही करून बसलेल्या मराठी घराला हे वेगळं समजावून सांगायला नको. एक गोठा कोलमडला की दुसरा का हलतो, ते या एका सहीत आहे. गाई ट्रकमध्ये चढतात त्या पानांवर संवाद फार कमी आहेत. ती पानं भराभर उलटू नका. चौकटीत गाईच्या कानातला क्रमांकाचा बिल्ला आणि रिकामी गव्हाण पाहत जा.

घोड्यांचा भागही इथेच जोडून घ्या. तोकाचीत ‘बान्एइ’ नावाची शर्यत असते : एक टनाच्या घरातले अवजड घोडे लोखंडी घसरगाडी ओढतात, सरळ दोनशे मीटर, मधे दोन चढ. वजन काही शर्यतींत हजार किलोपर्यंत. २००७पासून ही शर्यत फक्त ओबिहिरोत होते. आपल्या बैलगाडा शर्यतीत वेगाचा थरार असतो, इथे घोडा दुसऱ्या चढाआधी थांबतो, श्वास घेतो, आणि तो कधी निघेल याकडे सगळ्यांचे डोळे. मिकागेला घोड्यांत काम करायचंय आणि ती घरातली एकुलती एक मुलगी आहे. गोठ्याला वारस हवा आहे. त्या थांबलेल्या घोड्याचं चित्र लक्षात ठेवून तिची प्रकरणं वाचा.

नवख्यांचं चुकतं कुठे

स्वप्न कधी सापडणार याची वाट बघत वाचणं, ही मोठी चूक. हाचिकेनला एके दिवशी साक्षात्कार होत नाही. त्याला नाही म्हणता येत नाही, एवढंच. कुत्रं सांभाळ, भट्टी लाव, घोड्याचा कार्यक्रम बघ, सगळ्याला हो. शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी तो थकून कोसळतो आणि दवाखान्यात पोचतो. तोपर्यंत ज्याला तो स्वतःचा दुबळेपणा समजत होता त्यातूनच पुढची दिशा निघते. म्हणून कपट्यावर आणखी एक रकाना वाढवा : ‘हाचिकेननं आज कशाला हो म्हटलं?’ बाराव्या खंडापर्यंत ती यादी वाचण्यासारखी होते.

दुसरी चूक, हाचिकेनच्या वडिलांना खलनायक ठरवून मोकळं होणं. त्यांचा चेहरा भीतीदायक काढलाय हे खरं. पण ते आकडे विचारतात, आणि आकडे विचारणारा माणूस पुढे उपयोगी पडतो.

तिसरी, एका बैठकीत सहा खंड. विनोद तेच ते वाटू लागतात. आठवड्याला दोन पुरेत.

शेवटच्या खंडांबद्दल आधीच सांगून ठेवलेलं बरं. २०१४मध्ये लेखिकेच्या घरातल्या आजारपणामुळे मालिका थांबली आणि नंतर तुटक तुटक येत राहिली. पहिल्या शालेय वर्षाला बहुतेक खंड मिळाले, उरलेली दोन वर्षं भराभर सरतात. तेराव्या खंडापासून वेग बदलल्यासारखा वाटला तर तुमचं वाचन बिघडलेलं नाही, मालिकेचीच चाल बदलली आहे.

अ‍ॅनिमे आधी की नंतर

ए-१ पिक्चर्सचं अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) दोन हंगामांत आहे, २०१३चं उन्हाळी आणि २०१४चं हिवाळी, प्रत्येकी अकरा भाग. ते कथेच्या साधारण मध्यावर थांबतं. वाचायचा कंटाळा असणाऱ्या घरच्या मंडळींना पहिले चार भाग दाखवा, पिझ्झापर्यंत. स्वतः मात्र खंड आधी वाचा. कानावर पडणारा गोठा छान आहे, पण चौकटीच्या कोपऱ्यातल्या बारीक चिठ्ठ्या, भाव आणि टिपा पडद्यावर निसटतात. २०१४चा चित्रपट त्यानंतर, वेळ उरला तर.

पंधरावा खंड संपल्यावर लेखिकेचीच ‘ह्याकुशो किझोकु’ घ्या. नावाचा अर्थ साधारण ‘शेतकरी सरदार’. २००६पासून चालू असलेली ही घरच्या शेतावरच्या आठवणींची मालिका आहे. छोटे छोटे भाग, कुठूनही उघडा. त्यात आराकावा स्वतःला चश्मा लावलेली गाय म्हणून काढतात.